यशोगाथांचें वाङ्मय आणि शाळांचा शेजार

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी गद्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे, आणि ती इतकी विपुल आहे कीं टीकाकारांनीं तिची अद्याप दखल कशी घेतली नाहीं याचें नवल वाटावें. प्राथमिक शिक्षकांच्या 'यशोगाथा' हा तो प्रकार होय. तालुक्याच्या शिक्षण विभागानें काढलेल्या पुस्तिका, संमेलनांच्या स्मरणिका, शिक्षकांचीं मासिकें आणि आतां मोबाईलवर फिरणारे शिक्षकांच्या गटांचे संदेश, अशा सर्व वाटांनीं त्या वाचकांपर्यंत येतात. जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांतील शिक्षक स्नेह्यांनीं आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं वेळोवेळीं पाठविलेल्या अशा पन्नास-साठ यशोगाथा गेल्या पावसाळ्यांत मीं लागोपाठ वाचल्या. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा परिणाम आहे.

काव्य-कादंबऱ्यांचें परीक्षण करणाऱ्या मासिकांत असल्या लेखनाची चर्चा कशास, असा प्रश्न कोणी रसिक करील. त्यास माझें उत्तर असें कीं, एखाद्या व्यवसायांतील हजारों माणसें ज्या भाषेंत स्वतःच्या कामाविषयीं बोलतात, त्या भाषेवरून त्या व्यवसायाचें अंतरंग जितकें कळतें तितकें सरकारी अहवालांवरून कळत नाहीं. शिवाय या शाळांत जीं मुलें शिकतात तीं बहुधा आपल्या वाचकांच्या घरांतील नव्हेत. आपलीं मुलें केव्हांच इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडींत चढून गेलीं आहेत. ज्या शाळांकडे आपण पाठ फिरविली तेथें काय चाललें आहे हें निदान वाचून तरी पाहावें, एवढें कुतूहल सुशिक्षित कुटुंबांत असावयास हरकत नाहीं.

यशोगाथेची रचना ठरलेली असते. आरंभीं शाळेचें वर्णन येतें: गळकें छप्पर, पडकी भिंत, गैरहजर मुलें, उदासीन गांव. मग शिक्षक रुजू होतो. तो घरोघर जाऊन पालकांना भेटतो, सभा भरवितो, लोकवर्गणी गोळा करतो. भिंती रंगतात, झाडें लागतात, फरशीवर अंक व अक्षरें उमटतात, एखादा दूरचित्रवाणी संच येतो. मुलें शाळेंत रमूं लागतात, पट वाढतो, शेजारच्या इंग्रजी शाळेंतून चार मुलें परत येतात, वरिष्ठ अधिकारी भेट देतात आणि शेवटीं पुरस्कार मिळतो. श्रावणांतल्या कहाण्यांची घडण ज्यांच्या कानांत आहे त्यांना ही घडण परकी वाटणार नाहीं. तेथेंही आधीं दारिद्र्य, मग व्रत आणि शेवटीं संपत्ति असाच क्रम असतो. व्रत नेमकें कसें फळलें हें कहाणी सांगत नाहीं, तें आपण मानावयाचें असतें.

या लेखनाची टवाळी करावी असा माझा हेतु नाहीं. यांतील कित्येक शिक्षक मला प्रत्यक्ष ठाऊक आहेत. पदरमोड करून त्यांनीं शाळेला पाण्याची टांकी बसविली, भर पावसांत छप्पर शाकारलें, सुटीच्या दिवशीं मुलांना गोळा करून शिकविलें. आणि जो समाज शिक्षकाला मतदारांच्या याद्यांपासून जनगणनेपर्यंत सर्व कामांना जुंपतो त्या समाजांत त्यानें आपलें कौतुक आपणच लिहिलें तर बिघडलें काय? पण सहानुभूति हा टीकेचा आरंभ असूं शकतो, शेवट नव्हे. इतक्या यशोगाथा वाचून झाल्यावर मला प्रश्न पडला तो असा कीं, यांत शिकविणें कोठें आहे? भिंतीला कोणता रंग दिला, वर्गणी किती जमली, दूरचित्रवाणी संच कोणत्या दात्यानें दिला, हें सर्व त्यांत आहे. परंतु ज्या मुलाला भागाकार येत नव्हता त्याला तो कोणत्या उदाहरणानें, किती चुकांनंतर आला, हें तीन-चार लेख सोडले तर कोठेंच नाहीं. यशोगाथेंतील मूल नेहमीं अनेकवचनी असतें. मुलें रमलीं, मुलें वाचूं लागलीं, मुलें प्रगत झालीं! एखाद्या एकट्या मुलापाशीं लेखक चार ओळी थांबला आहे असें क्वचितच दिसतें. आणि जें मूल शेवटपर्यंत शिकलेंच नाहीं त्याला तर या वाङ्मयांत प्रवेशच नाहीं.

ही उणीव केवळ लेखनाची असती तर तिच्याकडे काणाडोळा करतां आला असता. पण यशोगाथा ही एकट्या शिक्षकाची लहर नव्हे. ती ज्या व्यवस्थेंतून जन्म घेते ती व्यवस्था शाळांनीं एकमेकींपासून शिकावें याच हेतूनें उभारलेली आहे, आणि लेखनांतली उणीव ही त्या व्यवस्थेचीच उणीव आहे असें माझें मत आहे.

एकटी शाळा आपल्या बळावर फारशी सुधारत नाहीं, हें आपल्या देशांत पूर्वींच ओळखलें गेलें होतें. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ ते १९६६ या काळांत ज्या आयोगानें भारतीय शिक्षणाचा विचार केला, आणि ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतले जे. पी. नाईक होते, त्या आयोगानें 'शालासंकुल' ही कल्पना मांडली. आसपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेशीं जोडाव्या, त्यांच्या शिक्षकांनीं नियमानें एकत्र यावें, साधनें वांटून घ्यावीं आणि खेड्यांतल्या शिक्षकाचें एकटेपण संपवावें, हा तिचा गाभा होता. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणांत ती पुन्हां आली. २०२० च्या धोरणांत पांच ते दहा किलोमीटरांच्या परिसरांतल्या शाळांचें संकुल म्हणून ती तिसऱ्यांदा आली. जी गोष्ट तीनदां सांगावी लागते ती पहिल्या दोन वेळीं झाली नसावी, असा तर्क करण्यास फारसें धाडस लागत नाहीं.

महाराष्ट्रानें मात्र मध्यंतरीं कांहीं प्रत्यक्ष केलें. १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासननिर्णयानें राज्यांत ४८६० केंद्रें निर्माण झालीं. साधारणतः दहा शाळांमागें एक केंद्रशाळा आणि त्या सर्वांवर एक केंद्रप्रमुख, अशी ही योजना. त्याच दशकांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमांत धुळें जिल्ह्याचा समावेश झाला. तेव्हां नंदुरबार वेगळा व्हावयाचा होता (तो १ जुलै १९९८ रोजीं झाला), म्हणून धडगांव-अक्कलकुव्याचे डोंगरी पाडेही तिच्या कक्षेंत आले. पुढें २२ जून २०१५ च्या निर्णयानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि केंद्राच्या मासिक 'शिक्षण परिषदे'ला महत्त्व आलें. महिन्यांतून एकदां दहा शाळांचे शिक्षक एका छपराखालीं बसतात. कागदावर पाहिलें तर याहून चांगली आंखणी सुचविणें कठीण आहे.

अशा एका परिषदेस हजर राहण्याचा योग मला आला. अमळनेर-पारोळ्याच्या बाजूचें, बोरी नदीपासून फार दूर नसलेलें तें केंद्र होतें. माझा एक जुना विद्यार्थी तेथें शिक्षक आहे. "सर, तुम्ही मराठीवर दोन शब्द बोला," म्हणून त्यानें आग्रह केला आणि मी गेलों. सकाळीं ईशस्तवन, स्वागत, गुलाबाचीं फुलें. मग परिपत्रकांचें वाचन झालें. तें सुमारें तासभर चाललें, कारण कोणती माहिती कोणत्या तारखेपर्यंत कोठें भरावयाची हें समजून घेतल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. त्यानंतर 'आदर्श पाठ'. एका शिक्षिकेनें चौथीच्या बारा मुलांना कविता शिकविली. आवाज गोड, फळ्यावरचें अक्षर मोत्यासारखें, आणि मुलें अशी हुशार कीं प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर! ती कविता त्यांना आधींच शिकविलेली आहे, हें पाठीमागच्या बाकावर बसलेल्या मलाही कळलें, तेव्हां चाळीस शिक्षकांना तें कळलें नसेल असें कसें म्हणावें? पाठ संपल्यावर अभिप्राय विचारले गेले. चौघांनीं 'छान' म्हटलें. पांचव्यानें 'अतिशय छान' म्हटलें. मला विचारलें तेव्हां मींही 'छान' म्हटलें. टीका हा ज्याचा आयुष्यभराचा छंद, त्यानें चाळीस व्यवसायबंधूंसमोर एका तरुण शिक्षिकेचा पाठ तपासण्याऐवजीं तिच्या हातांत गुलाबाचें फूल ठेवलें. ही गोष्ट या लेखाच्या आरंभींच मला कबूल करावयास हवी होती.

यशोगाथेचें बीज मला त्या 'छान' मध्यें सांपडलें. जेथें पाहुण्यासमोर केवळ तयार केलेलेंच वाढावयाचें असतें तेथें स्वयंपाकघरांत काय करपलें हें कोणी सांगत नाहीं. मग एकाच्या शाळेंतून दुसऱ्याच्या शाळेंत जातें काय? तर रंग, सजावट, उपक्रमाचें नांव. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटांतील शाळांचें उदाहरण शिक्षकांच्या सर्वांच्या परिचयाचें आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रोत्साहनानें तेथील शिक्षकांनीं मुलांना स्वतः ज्ञान रचूं देण्याच्या तत्त्वावर पुष्कळ काम केलें, आणि २०१५ च्या आगेंमागें सबंध महाराष्ट्रांतून शिक्षकांच्या तुकड्या तें पाहावयास जाऊं लागल्या. खानदेशांतूनही गेल्या. पाहून आलेल्यांपैकीं कांहींनीं खरोखर विचार आणला. परंतु पुष्कळांनीं आणली ती फरशीवरची रंगीत चौकट. चौकट एका दिवसांत रंगवितां येते. ती कोणत्या चुकीवरचा उपाय म्हणून त्या वर्गांत आली, हें न विचारतां ती उचलली गेली, आणि सहा महिन्यांनीं मुलें तिच्यावर बसून पूर्वींप्रमाणेंच पाढे घोकूं लागलीं.

चुकांविषयीं लिहिण्याची आपल्याकडे परंपराच नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें मला मान्य नाहीं. शिक्षकांसाठीं नियतकालिक चालविण्याची चाल तर मराठींत फार जुनी. १८६१ सालीं 'मराठी शालापत्रक' निघालें; कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढें १८६८ पासून विष्णुशास्त्री यांनीं तें चालविलें. विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील निबंध त्यांतच प्रथम आले, म्हणजे मराठी टीकावाङ्मयाचा पाळणा एका शिक्षकी पत्रांत हालला, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु मला अधिक जवळचें उदाहरण आहे तें अमळनेरचें. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांत मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक सुरू केलें. आज खानदेशांतल्या बहुतेक प्राथमिक शाळांत त्यांची तसबीर आहे आणि प्रत्येक यशोगाथेंत एकदां तरी त्यांचें नांव येतें. पण १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाची घडण या भक्तांनीं कधीं नीट न्याहाळली आहे काय? त्यांत सांगणारा रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना स्वतःचे अपराध सांगतो. आपण चोरी केली, आपण भ्यालों, आपण आईचें मन दुखविलें. पुस्तकांतील शिकवण या कबुलीच्या पाठीवर बसून येते, आणि म्हणूनच ती वाचकाच्या घशाखालीं उतरते. साने गुरुजींच्या लेखनांत भावनेचा पूर फार, हा आक्षेप मलाही अंशतः मान्य आहे. तथापि महाराष्ट्रांतील सर्वाधिक प्रिय शिक्षकाचें सर्वाधिक प्रिय पुस्तक हें अपयशगाथा आहे, आणि त्याच्या तसबिरीखालीं बसून आपण यशोगाथा लिहितों, ही विसंगति नजरेआड करतां येत नाहीं.

येथें आणखी एक चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा दर रविवारीं गीतेवर बोलत आणि साने गुरुजी समोर बसून तें टिपून घेत. एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचा पाठ ऐकतो आहे, 'छान' न म्हणतां शब्दन्शब्द लिहून घेतो आहे! खानदेशांत भरलेल्या सर्व शिक्षण परिषदांत ती मला थोर वाटते, आणि तिला कोणतेंही परिपत्रक लागलें नाहीं.

दुसरें उदाहरण बोर्डी-कोसबाडचें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षणाचें काम आरंभिलें तेव्हां गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. ही सरळसरळ फजितीच होती. ती झांकून न ठेवतां त्यांनीं बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा जो शब्द आज भारताच्या कानाकोपऱ्यांत गेला आहे त्याचा जन्म या न येणाऱ्या मुलांच्या पोटीं झालेला आहे. पुढें कोसबाडला गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून कुरणांत शाळा भरली. अनुताईंनीं 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकांत हें काम सांगितलें आहे. आपल्या यशोगाथांशेजारीं तें ठेवून पाहावें. यशोगाथेंत अडचण ही नायकाला मोठें दाखविण्यासाठीं येते; कोसबाडच्या कामांत अडचण हाच विचाराचा आरंभ होता.

आतां त्या परिषदेच्या दुपारकडे वळतों. कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत असें जेवण झाल्यावर निम्मे शिक्षक, कोणी बसच्या वेळेमुळें तर कोणी उन्हामुळें, निघून गेले. उरलेले पंधरा-सोळा जण निंबाखालीं बसले होते. तेव्हां सात-आठ वर्षें नोकरी झालेल्या एका शिक्षकानें पिशवींतून नऊ वह्या काढल्या आणि म्हणाला, "मला हें सुटत नाहीं. पाहा बरें कोणाला सुटतें का." तिसरीच्या मुलांना त्यानें तोंडी उदाहरण घातलें होतें: बावन्नांतून सत्तावीस वजा करा. नऊही उत्तरें चुकलेलीं.

पहिल्या पांच मिनिटांत सर्वांनीं नेहमींचें निदान केलें, कीं मुलांना हातचा येत नाहीं. मग एका बाईंनीं वह्या दोन गठ्ठ्यांत वेगळ्या केल्या. सहा वह्यांत संख्या बरोबर मांडल्या होत्या आणि उत्तर ३५ आलें होतें. उरलेल्या तिघांनीं बावन्न म्हणून २५ आणि सत्तावीस म्हणून ७२ लिहिलें होतें. त्यांची गाडी पहिल्याच स्टेशनावर रुळांवरून घसरलेली. म्हणजे नऊ चुका एक नव्हेत, दोन आहेत, आणि दुसरीचा हातच्याशीं कांहीं संबंध नाहीं. बावन्न या शब्दांत दोन आधीं ऐकूं येतात आणि पन्नास मागून. मूल कानानें लिहितें, म्हणून आधीं दोन लिहितें.

राहिले ते पस्तीसवाले. दोनांतून सात जात नाहींत, म्हणून त्यांनीं सातांतून दोन वजा केले. यावर निवृत्तीस आलेले एक गुरुजी हंसून म्हणाले, "यांत पोरांचा काय दोष? पहिलींत आपणच त्यांना शिकवितों, नेहमीं मोठ्यांतून लहान वजा करावा. त्यांनीं आपलें ऐकलें!" निंबाखालीं क्षणभर शांतता झाली. तीस-पस्तीस वर्षें शिकवून त्या गृहस्थांना तें त्या क्षणीं दिसलें, कीं आधींपासून ठाऊक असून सांगावयास जागा मिळाली नव्हती, हें मला अद्याप कळलेलें नाहीं. मग पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहांच्या मोळ्या करून एक मोळी सोडावयाची, असा उपाय निघाला. त्यावर वह्या आणणाऱ्यानें सांगितलें कीं, काड्यांनीं तीं मुलें बरोबर करतात. कागदावर आलीं कीं पुन्हां पस्तीस. तेव्हां काडी आणि कागद यांच्यामध्यें कांहीं पायरी राहून जाते, ती कोणती, यावर तासभर बोलणें चाललें. एकानें सुचविलें कीं, सोडलेल्या मोळीचें चित्रच उदाहरणाच्या बाजूला काढावयास लावावें. पूर्ण समाधान कोणाचेंच झालें नाहीं. तीन शाळांत करून पाहावें आणि पुढच्या महिन्यांत वह्या घेऊन यावें, असें ठरलें.

जपानांत ही गोष्ट दैववशात् निंबाखालीं घडत नाहीं, ती रीतच आहे. 'जुग्यो केंक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, असें तिचें नांव. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट या अमेरिकन लेखकांनीं १९९९ च्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केल्यापासून ती जगभर माहीत झाली. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो आपल्या वर्गांत शिकवितो, बाकीचे भिंतीशीं उभे राहून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांच्या वह्यांकडे पाहतात, आणि नंतर पाठ कोठें फसला याची चर्चा करून तो पुन्हां घडवितात. यांतलें मर्म असें कीं, पाठ सर्वांचा असल्यामुळें त्याच्यावरची टीका कोणा एकाच्या अंगाला लागत नाहीं. आपल्या 'आदर्श पाठां'त तो एकाचा असतो; म्हणून आपल्याला 'छान' तरी म्हणावें लागतें किंवा वैर तरी पत्करावें लागतें.

या उणिवेची किंमत काय पडते, हें २०१९ सालीं सर्व महाराष्ट्रानें पाहिलें. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकांत 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी संख्यावाचनाची रीत आली आणि त्यावर विधानसभेपर्यंत वाद पेटला. जोडाक्षरांनीं व उलट्या क्रमानें मुलें अडखळतात, अशी बाजू गणित समितीच्या वतीनें मंगला नारळीकर यांनीं मांडली. भाषा बिघडेल, अशी भीति दुसऱ्या बाजूनें व्यक्त झाली. भाषाप्रेमी म्हणून माझा कल तेव्हां दुसऱ्या बाजूकडे होता आणि तो पुरता बदलला आहे असें आजही म्हणवत नाहीं. परंतु त्या साऱ्या वादांत एक पुरावा माझ्या पाहण्यांत आला नाहीं. हजारों केंद्रांत दरमहा जमणाऱ्या शिक्षकांनीं पंचवीस वर्षांत जमविलेल्या मुलांच्या चुकांच्या वह्या, बावन्न लिहा म्हटल्यावर किती मुलें पंचवीस लिहितात याची शाळावार नोंद! ती कोणापाशींच नसावी. म्हणून विनोद झाले, उपहास झाला, कवितेचा आणि परंपरेचा हवाला दिला गेला; आणि ज्या तिघा मुलांच्या वह्या मीं निंबाखालीं पाहिल्या तशांची साक्ष कोणीच काढली नाहीं.

खानदेशांत तर अशा नोंदींचें काम सोन्याच्या मोलाचें झालें असतें. येथें अर्धें गणित आणि सबंध भाषा घरच्या बोलीशीं झगडत शाळेंत येते. अहिराणी घरांतलें मूल 'माझा बाप' याला 'मना बाप' म्हणतें, 'आहे' याला 'शे' म्हणतें. सोलापूर किंवा बीडकडून बदलून आलेला शिक्षक वहींतला 'मना' वाचतो आणि त्याला तो 'मन' या शब्दाचा चुकलेला कांहीं प्रयोग वाटतो; लाल शाईची रेघ ओढली जाते. त्याच केंद्रांत जन्म काढलेला दुसरा शिक्षक शेजारच्या गांवीं तीन किलोमीटरांवर आहे, त्याला तें एका क्षणांत उमगलें असतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं, चोपडें-यावल-शिरपूरच्या पाड्यांत, पावरी बोलणारीं मुलें आहेत. तेथें तर पहिल्या वर्षीं शिक्षक आणि मूल हातवाऱ्यांनींच बोलतात. कांहीं शिक्षकांनीं स्वतःपुरत्या शब्दांच्या वह्या केल्या आहेत, हें मला ठाऊक आहे. बदली झाली कीं त्या वह्या त्यांच्याबरोबर जातात.

मग शिक्षक त्या मांडीत कां नाहींत? आळस हें उत्तर सोपें आहे आणि चुकीचें आहे. खरें कारण भय. केंद्रप्रमुख हा मार्गदर्शक म्हणून नेमलेला, पण तोच शाळा तपासतो, तोच वर अहवाल पाठवितो. त्याच्यासमोर "माझ्या नऊ मुलांना वजाबाकी येत नाहीं" असें म्हणणें म्हणजे स्वतःवरचा आरोप स्वतःच लिहून देणें. शाळेच्या प्रगतीचे तक्ते शेंकडा शंभराकडे धांवत असतांना कोणता शहाणा मनुष्य आपल्या पिशवींतून चुका काढील? त्यांतून कित्येक ठिकाणीं केंद्रप्रमुखच नाहीं. २०२३ सालीं विभागीय परीक्षेनें भरावयाच्या म्हणून ज्या जागा जाहीर झाल्या त्याच २३८४ होत्या, म्हणजे ४८६० च्या जवळजवळ निम्म्या. एकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार दिला कीं तो परिपत्रकें पोंचविण्यापलीकडे काय करणार? आणि डोंगरांतल्या दोनशिक्षकी शाळेंतून एक जण परिषदेस निघाला कीं चार वर्ग एकाच्या गळ्यांत पडतात, ही अडचण तर कोणत्याच धोरणाच्या परिच्छेदांत नीट बसत नाहीं.

मोबाईलवरील गटांनीं हें भय कमी होईल अशी मला आशा होती. २०२० सालीं सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां जिल्हा परिषदेचा शिक्षक जगाशीं जोडला जाऊं शकतो हें सिद्धच झालें. पण माझ्याकडे येणारे गटांतील संदेश पाहतों तों तेथेंही यशोगाथेचेंच राज्य आहे. फरक इतकाच कीं, 'छान' ऐवजीं जोडलेल्या हातांचें चित्र येतें.

त्या शिक्षकाचे पुढच्या महिन्याचे अनुभव मला माझ्या विद्यार्थ्यानें कळविले. तीनपैकीं दोन शाळांत मोळीचें चित्र काढल्यावर बरींच मुलें सुधारलीं. तिसरींत कांहीं फरक पडला नाहीं, आणि त्या शाळेच्या बाईंनीं मुलें चित्र काढण्यांतच रमतात, वजाबाकी विसरतात, असें सांगितलें. निंबाखालीं त्यावर पुन्हां बसणें झालें. संख्या उलट लिहिणाऱ्या तिघांपैकीं एक मुलगी ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर गेली, ती अजून परतलेली नाहीं.

हें सर्व लिहितांना पडताळा पाहावा म्हणून मीं त्या पहिल्या परिषदेचें इतिवृत्त मागवून घेतलें. तें पांच पानांचें आहे. स्वागत कोणी केलें, कोणतीं परिपत्रकें वाचलीं गेलीं, आदर्श पाठ कसा प्रेरणादायी झाला, प्रमुख पाहुण्यांनीं मराठीचें महत्त्व कसें विशद केलें, हें सर्व त्यांत तपशीलवार आहे. दुपारच्या बैठकीला एक ओळ मिळाली आहे: गणित विषयावर चर्चा झाली, एवढीच. वह्या आणणाऱ्या शिक्षकाचें नांव त्यांत नाहीं. तें घालूं नये, अशी विनंति त्यानेंच केली होती.